आवाजाची वाट छातीतून

आवाज बसला म्हणून माणूस कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर दुर्बिणीतून घसा पाहतात, स्वरयंत्राची डावी पट्टी हलत नसल्याचे सांगतात आणि चिठ्ठीवर छातीचा सीटी स्कॅन लिहून देतात. रुग्ण बुचकळ्यात पडतो. दुखणे गळ्यात आणि तपासणी छातीची? या कोड्याचे उत्तर वैद्यकाला साडेअठराशे वर्षांपासून ठाऊक आहे. ते शोधणारा माणूस विलक्षण हुशार, तितकाच भांडखोर आणि स्वतःवर बेहद्द खूश होता. त्याचे नाव गेलन. आपल्याकडचे युनानी हकीम त्याला जालिनूस म्हणतात.

गळ्याच्या मुळाशी जी खळगी असते, तिथून बोट छातीच्या मधल्या हाडावरून सरळ खाली न्यावे. चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा हाताला लागतो. दुसरी बरगडी याच ठिकाणी त्या हाडाला मिळते. या उंचवट्यापासून मागे पाठीच्या कण्यापर्यंत एक आडवी फळी टाकली आहे अशी कल्पना केली, तर फळीच्या वरचा, दोन फुप्फुसांच्या मधला भाग म्हणजे छातीचा वरचा कप्पा. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घाम फोडणारी ही जागा. हृदयातून निघून कमानीसारखी वळणारी महाधमनी आणि तिच्या डोक्याकडे व हातांकडे जाणाऱ्या तीन शाखा, वरचे अशुद्ध रक्त खाली आणणाऱ्या जाड शिरा, श्वासनलिका, तिच्या मागे अन्ननलिका, लहानपणी मोठी असणारी आणि वयाबरोबर आटत जाणारी थायमस ग्रंथी आणि या सगळ्यांच्या फटींतून वाट काढणारे मज्जातंतू. गर्दीच्या वेळच्या लोकलच्या डब्यासारखा प्रकार. कोण कुणाच्या पुढे आणि कोण मागे, हे एकदा चुकले की पुढचे सगळेच चुकते.

या गर्दीत एक तंतू फार चमत्कारिक वागतो. मेंदूतून निघालेला व्हेगस हा मज्जातंतू मानेतून खाली छातीत उतरतो. वाटेत स्वरयंत्र लागते, पण बोलण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक स्नायूंना त्याची फांदी तिथल्या तिथे मिळत नाही. डाव्या बाजूला व्हेगस थेट महाधमनीच्या कमानीपर्यंत खाली येतो. तिथे त्याच्यापासून एक बारीक फांदी फुटते, कमानीच्या खालून वळसा घेते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून पुन्हा वर चढून स्वरयंत्राला पोचते. उजवीकडची फांदीही अशीच माघारी वळते, पण ती छातीत एवढी खोल शिरत नाही. उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीलाच वळसा घालून ती परत फिरते. पुण्याहून लोणावळ्याला जायचे, पण गाडी आधी मुंबईला जाऊन परत येणार, असा हा प्रवास. डॉक्टर त्याला रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह म्हणतात. रिकरंट म्हणजे मागे फिरणारा. गेलनच्या गुरूंना तो माहीत नव्हता. हा शोध आपलाच, हे गेलनने अनेकदा आणि अजिबात संकोच न करता लिहून ठेवले आहे.

गेलनचा जन्म इ.स. १२९ मधला, पर्गाममचा. आज तुर्कस्तानात बर्गामा नावाने असलेले हे गाव तेव्हा रोमन साम्राज्यातले श्रीमंत ग्रीक शहर होते. बाप निकॉन वास्तुविशारद, गणिताचा जाणकार आणि शांत स्वभावाचा. आई त्याच्या अगदी उलट. ती रागाच्या भरात दासींना चावत असे, अशी नोंद मुलानेच करून ठेवली आहे. वडिलांसारखे व्हायचे आणि आईसारखे व्हायचे नाही, असे त्याने लहानपणी ठरवले होते. त्याचे पुढचे वादविवाद वाचले तर हा निश्चय किती पाळला गेला, अशी शंका येते.

बापाला मुलगा तत्त्वज्ञ व्हावा असे वाटत होते. पण गेलन सोळा-सतरा वर्षांचा असताना बापाला स्वप्न पडले आणि मुलाची रवानगी वैद्यकाकडे झाली. पर्गाममला अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचे मोठे देवस्थान होते. आजारी माणसे तिथे येऊन मुक्काम करत आणि देव स्वप्नात उपाय सांगेल याची वाट पाहत. त्यामुळे गावात रोग्यांचीही कमी नव्हती आणि वैद्यांचीही. गेलन वीस वर्षांचा होण्याच्या सुमारास बाप वारला. हातात पैसा होता, पाठीमागे जबाबदारी नव्हती. तो स्मर्नाला पेलॉप्स नावाच्या गुरूकडे गेला, तिथून कॉरिंथला आणि शेवटी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला.

अलेक्झांड्रियाला जाण्याचे कारण हाडे. सुमारे चारशे वर्षांपूर्वी याच शहरात हेरोफिलस आणि एरासिस्ट्राटस यांनी माणसांची शवे उघडून पाहिली होती. गेलनच्या काळापर्यंत ती चाल बंद पडली होती. पण माणसाचा पूर्ण सांगाडा समोर ठेवून शिकवणारे गुरू अजून तिथे होते आणि तेवढ्यासाठी तरी अलेक्झांड्रियाला जा, असा सल्ला तो पुढे विद्यार्थ्यांना देत असे. एरवी माणसाचे शरीर आतून पाहायला मिळणे हा निव्वळ योगायोग. नदीच्या पुराने थडगे फुटून वाहत आलेले एक प्रेत आणि डोंगरातल्या वाटेवर मारून टाकलेल्या दरोडेखोराचा सांगाडा पाहायला मिळाल्याचे तो एखादा खजिना सापडल्यासारखे सांगतो. बाकी सारे शिक्षण माकडे, डुकरे, शेळ्या आणि बैल यांच्यावर. बिनशेपटीची बार्बरी माकडे त्याला विशेष पसंत होती, कारण ती माणसाच्या सर्वांत जवळची वाटत.

इ.स. १५७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो पर्गाममला परतला आणि ग्लॅडिएटरांचा वैद्य झाला. ही जागा त्याने मिळवली तीही आपल्या पद्धतीने. जमलेल्या वैद्यांसमोर त्याने एका माकडाचे पोट फाडले, आतडी बाहेर काढली आणि ती परत जागेवर बसवून दाखवा असे आव्हान दिले. कुणीच पुढे आले नाही, तेव्हा त्याने ते स्वतः केले. आखाड्यात तलवारीने आणि भाल्याने झालेल्या जखमा म्हणजे त्याच्या दृष्टीने शरीराच्या खिडक्या. छातीत शिरलेला वार कुठवर गेला तर माणूस लगेच मरतो, कुठे थांबला तर एखादा दिवस तग धरतो, कुठे झाला तर तो वाचतो, हे त्याने चार वर्षे पाहिले. प्राण्यांत जे शिकला होता, ते माणसात ताडून पाहण्याची ही जवळजवळ एकमेव संधी होती.

इ.स. १६२ मध्ये गेलन रोमला आला. दहा लाखांच्या घरात वस्ती असलेले ते शहर वैद्यांनी भरलेले होते. परीक्षा नाही, परवाना नाही. ज्याचे बोलणे पटेल तो वैद्य. युडेमस नावाचा त्याच्या गावचा वृद्ध तत्त्वज्ञ चौथ्या दिवशी उलटणाऱ्या तापाने आजारी होता. ताप केव्हा उतरेल हे गेलनने आधी सांगितले आणि तसेच झाले. मोठ्या घरांची दारे उघडली. जाणकारांचे आणि हितशत्रूंचे अशी दोन वर्तुळे एकाच वेळी वाढू लागली. बोएथस हा माजी कॉन्सल पहिल्या वर्तुळातला. त्याला शरीररचनेचा नाद होता आणि आवाज कसा निघतो हे प्रत्यक्ष पाहायचे होते.

आज हा प्रश्न आवाजापुरता वाटतो. तेव्हा त्याच्यामागे फार मोठा वाद उभा होता. माणूस विचार कशाने करतो? अ‍ॅरिस्टॉटल आणि त्याच्यानंतरचे स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ म्हणत, हृदयाने. त्यांचा युक्तिवाद ऐकायला सोपा होता. बोलणे श्वासनलिकेतून बाहेर येते. श्वासनलिका छातीतून येते. छातीत हृदय आहे. बोलणे हे विचाराचेच रूप, म्हणून विचाराचे घर हृदय. आपणही मनातले बोलताना हात छातीवरच ठेवतो, त्यामुळे हे म्हणणे अगदीच परके वाटू नये. मेंदूची बाजू घेणारेही होते, पण त्यांनाही बोलणे छातीतून का येते हे समजावून सांगता येत नव्हते. छातीच्या वरच्या कप्प्यात नेमके काय चालते, हे कुणी पाहिलेच नव्हते.

गेलनचा भर पाहण्यावर होता. बोएथसच्या पुढाकाराने डुकरे आणि करडे आणली गेली. डुकरे मुद्दाम, कारण त्यांच्याइतका मोठ्याने कुणी ओरडत नाही. जिवंत प्राण्यावर काम करताना माकड त्याला नको असे. त्याचा चेहरा पाहवत नाही, असे तो कबूल करतो. डुकराच्या चेहऱ्याबद्दल मात्र त्याला काही वाटले नाही आणि भूल नावाची गोष्ट नसलेल्या त्या काळात टेबलावर बांधलेल्या जनावराच्या वाट्याला काय आले, हे आज वाचतानाही अंगावर येते. गेलनचे कौतुक करताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही.

पहिला दिवस वाया गेला. अलेक्झांडर हा दमास्कसचा, अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतला तत्त्वज्ञ. प्रयोग सुरू होण्याआधीच त्याने शंका काढली. डोळ्यांना जे दिसते त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे आधी ठरायला नको का? गेलन चिडला, असल्या संशयी लोकांमध्ये आपण येणार आहोत हे माहीत असते तर आलोच नसतो असे सुनावून निघून गेला. बोएथस आणि इतरांनी समजूत घातल्यावर पुढे काही दिवस प्रयोग झाले. विद्वान, सरदार, वैद्य असे नामांकित लोक पाहायला जमत. बोएथसने लघुलेखक पाठवले आणि दाखवलेले सर्व गेलनने त्यांना तोंडी सांगून लिहवून घेतले.

ओरडणाऱ्या डुकराच्या मानेत, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना केसासारखे बारीक तंतू त्याने शोधून दाखवले. ते कापले नाहीत. वाकड्या सुईने त्यांच्याभोवती दोरा ओवला आणि गाठ आवळली. डुकराचा आवाज बंद. श्वास चालू, धडपड चालू, तोंड उघडलेले, पण ओरडणे नाही. गाठ सोडली की आवाज परत. पुन्हा आवळली, पुन्हा गप्प. बरगड्यांमधल्या स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंवरही असेच दोरे बांधून त्याने दाखवले की आवाजाला हवेचा जो जोर लागतो, तोही मज्जातंतूंच्या हुकमावर चालतो. मग हृदयाची पाळी. हृदय उघडे करून दाबले तरी प्राणी ओरडत राहतो, मेंदू दाबला की तो निपचित पडतो. हे पाहिल्यावर स्टोइकांच्या युक्तिवादात उरले ते एवढेच की श्वासनलिका छातीतून येते. आवाज छातीतून येतो खरा, पण त्याचा हुकूम मेंदूतून निघतो. तो मानेतून छातीत उतरतो, महाधमनीला वळसा घालतो आणि वर चढून स्वरयंत्राला मिळतो.

दोरा बांधायचा आणि सोडायचा, ही यातली खरी अक्कल. कापलेला तंतू पुन्हा जोडता येत नाही, मग आवाज तंतूमुळे गेला की प्राणी अर्धमेला झाल्यामुळे, हे कळायला मार्ग नाही. गाठ सोडल्यावर आवाज परत आला, तर शंकेला जागा राहत नाही. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे आणि केलेले उलटवूनही दाखवायचे. प्रयोगशाळा या शब्दाची गरज पडण्याच्या फार आधीचे हे काम आहे.

या तंतूला एवढा वळसा का, याचेही उत्तर त्याने दिले. स्वरयंत्राचे काही स्नायू खालच्या दिशेने ओढले जायला हवेत, म्हणून त्यांचा तंतू खालून यायला हवा. पण मेंदू तर वर आहे. मग निसर्गाने महाधमनीची कमान कप्पीसारखी वापरली. मोडलेला पाय ताणून बसवण्यासाठी वैद्य कप्पी असलेली पेटी वापरत, तिची उपमा तो देतो. दुसरी उपमा शर्यतीची. धावपटू मैदानाच्या टोकाच्या खांबाला वळसा घालून परत येतो, तसा हा तंतू. निसर्ग काहीही विनाकारण करत नाही, या श्रद्धेवर त्याने शरीराच्या प्रत्येक भागाच्या उपयोगावर १७ भागांचा ग्रंथ लिहिला. तंतूचे वर्णन अचूक आहे, कारणमीमांसा मात्र टिकली नाही. गर्भात सुरुवातीला हृदय जवळजवळ गळ्यापाशी असते आणि तंतूची वाट सरळ असते. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरते आणि धमनीच्या खाली अडकलेला तंतू तिच्याबरोबर खाली ओढला जातो. जिराफाची गोष्ट पाहिली की कप्पीचे कारण लंगडे पडते. त्याच्या डोक्यापासून स्वरयंत्रापर्यंतचे अंतर काही इंच, पण हा तंतू मान उतरून छातीत जातो आणि पुन्हा मान चढतो, एकूण चार मीटरहून जास्त.

हे ज्ञान रोग्याच्या कामाचे होते का? गेलनने याची उत्तरे नोंदवून ठेवली आहेत आणि ती चटका लावणारी आहेत. गळ्यातल्या गाठी, म्हणजे गंडमाळा काढताना एका शस्त्रवैद्याने रक्तवाहिन्या कापल्या जाऊ नयेत म्हणून सुरी टाळली आणि नखांनी गाठी ओरबाडून काढल्या. रक्त फारसे गेले नाही. पण गाठींबरोबर दोन्ही तंतूही तुटून आले आणि मुलगा मुका झाला. दुसऱ्या एका शस्त्रवैद्याच्या हातून एकाच बाजूचा तंतू दुखावला आणि त्या मुलाचा आवाज अर्धा उरला. श्वासनलिकेला किंवा स्वरयंत्राला धक्काही लागलेला नाही, मग आवाज कसा गेला, हे पाहणाऱ्यांना कळेना. तिसऱ्या एका रोग्याच्या मानेवर हिवाळ्यात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा उघडे पडलेले तंतू गारठले होते. ऊब देणाऱ्या उपचारांनी त्याचा आवाज परत आला. तीन रोगी, एकच तंतू: तुटलेला, अर्धा दुखावलेला आणि नुसता गारठलेला.

पॉसेनियस नावाच्या सीरियन वक्त्याची हकिगतही याच जातीची. त्याच्या करंगळीची, अनामिकेची आणि मधल्या बोटाच्या अर्ध्या भागाची संवेदना गेली होती. वैद्य बोटांना लेप लावत होते. गेलनने विचारले, कुठे मार लागला होता का? तो रथातून पडला होता आणि दगडावर पाठ आपटली होती, दोन खांद्यांच्या मध्ये, अगदी वर. मानेच्या शेवटच्या मणक्याच्या खालून निघणारा तंतू याच बोटांकडे जातो, हे गेलनला ठाऊक होते. बोटांवरचे लेप त्याने पाठीवर लावले आणि रोगी बरा झाला. औषधे तीच होती.

छातीच्या हाडाचा प्रसंग सर्वांत धाडसाचा. मॅरिलस नावाच्या नाटककाराच्या घरच्या गुलाम मुलाला कुस्तीच्या आखाड्यात छातीवर मार बसला होता. दुर्लक्ष झाले, पुढे पू झाला, जखम चिघळली आणि मधले हाड सडले. अनेक वैद्य जमले. हाड काढले पाहिजे यावर एकमत, पण काढायला कुणी तयार होईना. हाड काढले की छातीला भोक पडणार आणि मुलगा जाणार, अशी सगळ्यांची खात्री. गेलन म्हणाला, मी छातीत भोक न पाडता हाड काढेन, पण खाली काय सडले आहे ते दिसल्याशिवाय मुलगा वाचेल असे वचन देणार नाही. एरवी बढाया मारणाऱ्या माणसाचे हे मोजून-मापून बोलणे लक्षात राहते. त्याने हाड काढले. खाली हृदयाभोवतीचे आवरणही सडलेले निघाले आणि हृदय उघडे दिसले. मुलगा बरा झाला. शरीररचना हाताने शिकली नसती तर हे हाड कापायची हिंमत कुणालाच झाली नसती, हे गेलनने त्या हकिगतीखाली लिहिले आहे आणि ते खरे आहे. त्या मुलाचे नाव मात्र त्याने लिहिले नाही.

इ.स. १६६ मध्ये पूर्वेकडून परतलेल्या सैन्याबरोबर मोठी साथ आली. गेलनने अंगावरच्या पुरळाचे जे वर्णन केले आहे, त्यावरून ती देवीची असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. नेमका त्याच सुमारास त्याने रोम सोडले. साथीला भिऊन पळाला असे काहींचे म्हणणे, शत्रूंच्या कारस्थानांना कंटाळलो असे त्याचे. दोन वर्षांनी सम्राट मार्कस ऑरेलियसने त्याला बोलावून घेतले. सम्राट त्याला जर्मन आघाडीवरही नेणार होता, पण अस्क्लेपियसने स्वप्नात मनाई केल्याचे सांगून गेलन मागे राहिला आणि राजपुत्र कॉमोडसची काळजी घेऊ लागला. आघाडीवर गेलेल्या वैद्यांना मेलेल्या शत्रूची शवे उघडायला मिळाली. आधी प्राण्यांवर हात बसलेला नव्हता, त्यामुळे आतडी आणि यकृत कुठे असते यापलीकडे ते काही शिकले नाहीत, अशी गेलनची टीका. त्याला स्वतःला अशी संधी मिळाली असती तर? तो गेला असता तर त्याच्या काही चुका तिथेच दुरुस्त झाल्या असत्या. स्वप्न फार महागात पडले, असे म्हणायला हरकत नाही.

कारण चुका होत्या आणि त्या अशाच जागी होत्या जिथे माकड किंवा बैल माणसापेक्षा वेगळा आहे. छातीचे मधले हाड त्याने सात तुकड्यांचे सांगितले. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक जाळे सांगितले, जे बैलात असते, माणसात नसते. हृदयाच्या मधल्या पडद्यात न दिसणारी छिद्रे असून त्यांतून रक्त पलीकडे जाते, हे तर त्याने केवळ तर्काने ठरवले. पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका म्हणणाऱ्याने इथे न पाहिलेल्यावर विश्वास ठेवला. कुतूहलाला मात्र त्याच्याकडे कधी तोटा नव्हता. रोममध्ये एकदा मोठा हत्ती मारला गेला. त्याच्या हृदयात हाड असते की नाही, यावर वैद्यांचा वाद झाला. हृदय सम्राटाच्या आचाऱ्यांनी नेले होते. गेलनने एका जाणत्या सहकाऱ्याला त्यांच्याकडे पाठवून ते हाड मागवले आणि जपून ठेवले.

इ.स. १९२ मध्ये रोममध्ये आग लागली. पवित्र मार्गाजवळच्या ज्या गोदामात त्याने आपली पुस्तके, दुर्मीळ औषधे आणि स्वतः घडवलेली हत्यारे ठेवली होती, ते जळून गेले. या नुकसानीबद्दल त्याने मित्राला लिहिलेले दीर्घ पत्र हरवले आहे असेच मानले जात होते. २००५ मध्ये ते ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या एका मठातल्या हस्तलिखितात सापडले. शरीर उघडण्याच्या कृती सांगणाऱ्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचा उत्तरार्धही आगीत गेला होता, तेव्हा साठी ओलांडलेल्या गेलनने तो पुन्हा लिहून काढला. अरबी परंपरेनुसार तो ८७ वर्षे जगला. त्या हिशेबाने मृत्यू इ.स. २१६ च्या सुमाराचा. त्याचे उरलेले लेखन एकोणिसाव्या शतकात छापले गेले, तेव्हा २० खंड भरले.

पुन्हा लिहिलेल्या त्या उत्तरार्धाचे मूळ ग्रीक पुढे काळाच्या ओघात नाहीसेच झाले. तो वाचला अरबीमुळे. नवव्या शतकात बगदादला हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गेलनचे ग्रंथ गोळा करून सिरियाक आणि अरबीत आणले. स्वरयंत्राची आणि मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंची प्रकरणे याच भागातली. युनानी वैद्यकाबरोबर जालिनूस भारतात आला तो याच वाटेने.

युरोपात वेगळेच घडले. गेलनची मते उरली आणि त्याची पद्धत मागे पडली. विद्यापीठात प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचत, खाली न्हावी प्रेत कापत असे आणि दोघांचे जुळले नाही तर दोष प्रेताचा. शरीर उघडण्याच्या कृतींचा ग्रंथ १५३१ मध्ये पॅरिसला लॅटिनमध्ये छापला गेला. हाताने करा, डोळ्यांनी पाहा, असे सांगणारा गेलन तेव्हा कुठे विद्यार्थ्यांच्या हाती पडला. त्या भाषांतराची पुढची आवृत्ती तपासून देणारा तरुण होता आंद्रेआस व्हेसॅलियस. त्याने गेलनचे ऐकले आणि माणसाची शवे स्वतः उघडली. १५४३ च्या आपल्या ग्रंथात त्याने छातीचे हाड तीन भागांचे असल्याचे दाखवले आणि गेलनने माणूस उघडलाच नव्हता हे जाहीर केले. त्याच ग्रंथाच्या अखेरीस डुकराचा आवाज बंद करण्याचा गेलनचा प्रयोग मात्र जसाच्या तसा आहे. तिथे दुरुस्तीची गरज पडली नाही.

व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनरने १८९७ मध्ये आवाज बसलेल्या अशा रुग्णांची नोंद केली, ज्यांचा मूळ विकार हृदयाच्या झडपेचा होता. झडप अरुंद झाल्याने हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगला होता आणि त्या दाबाने महाधमनीच्या कमानीखालचा डावा तंतू निकामी झाला होता. महाधमनीला आलेला फुगा, क्षयाने सुजलेल्या छातीतल्या गाठी, डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातला कर्करोग, यांतले काहीही याच तंतूवर दाब आणू शकते आणि पहिली तक्रार कधी कधी फक्त घोगरेपणाची असते. तीन-चार आठवडे उलटूनही आवाज सुटला नाही, तर घसा दाखवून घ्या असे डॉक्टर सांगतात आणि डावी पट्टी थिजलेली दिसली की छातीचा फोटो मागतात, ते यामुळे.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत मात्र हा तंतू बराच काळ न पाहताच सोडला जाई. तो शोधायला गेलात तर दुखावाल, अशी शिकवण होती. बॉस्टनच्या फ्रँक लेही यांनी १९३८ मध्ये उलट आग्रह धरला: तंतू आधी शोधा, नीट उघडा करून पाहा, मग गाठ काढा. आता अनेक ठिकाणी ही शस्त्रक्रिया करताना तंतूला अगदी सौम्य विजेचा स्पर्श देतात. स्वरयंत्राचे स्नायू आकसले की शेजारच्या यंत्रातून आवाज येतो. मग शल्यविशारद टाके घालायला घेतात.